वहिनीची बरणी

पुणे, ६ जुलै २००८

ती. सौ. वहिनीस पूर्वीचा सा. न. वि. वि.

नारपोलीत लूमच्या खडखडाटात फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इंग्लिश मीडियमचं मराठी आहे, हसायचं नाही!

वहिनी, मला लॅबमध्ये घेतलं! आमचं काम अंडाशयातल्या मायक्रोआरएनएवर. एवढुस्सं असतं ते, अगदी आपल्या मुकादमासारखं. मुकादम स्वतः कुठे कापड विणतो? पण ही लूम थांबव, ती चालव, हे तोच सांगतो ना? तसंच हे अंडाशयातल्या पेशींना सांगतं, हे हार्मोन कमी करा, ते वाढवा. सध्या म्हशीच्या अंडाशयावर भागवतो. माणसाचं मिळतच नाही गं, कुणी दिलं तर सोनंच!

तुझं अंगावरून जाणं थांबलं का? डॉक्टरला दाखव. माया आहेच, ती पातळ करू नकोस.

तुझी पूर्वी

नारपोली, भिवंडी, ३ ऑगस्ट

चि. पूर्वीला सुकन्याचे अ. आ.

तुझं मराठी वाचून तुझा दादा हसला, मी न्हाय. माझं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, अंडाशयं चांगली हायेत, ठेवू. मी म्हटलं काढा, आमच्या पूर्वीला अभ्यासाला लागतात. दोन पोरं झाली, आता काय कामाची? ते लई बोलले, मी सही करून मोकळी. नर्सनं औषधाच्या पाण्यात घालून बरणी दिली. रविवारी दादा आणून देईल. म्हशीपेक्षा वहिनी बरी ना?

जीव लावतेस तसाच लाव.

सुकन्या

नारपोली, १४ सप्टेंबर

चि. पूर्वीला अ. आ.

दादा बरणी देऊन आला, तुझं पत्र न्हाय. काय म्हणतात माझे मुकादम? माझ्या अंगातून वाफा निघतात, पदर भिजतो, झोप न्हाय, उगाच रडू येतं. आई म्हणतात नाटकं हायेत. तुझ्या पुस्तकात हाय का काही?

पत्राची वाट बघते.

सुकन्या

पुणे, २२ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. आम्हाला जिवंत पेशी लागतात. औषधाच्या पाण्यात त्या मरतात. बरणीचा काहीच उपयोग झाला नाही. सरांनी वय विचारलं, मी छत्तीस म्हटलं. ते म्हणाले, तिला आधी डॉक्टरकडे ने.

वाफा, रडू, हे नाटक नाही. आईला हे वाचून दाखव. मुलं झाल्यावरही अंडाशय काम करत असतं, अजून कित्येक वर्षं. झोप, हाडं, सगळं त्याच हार्मोनवर. मी पानभर मुकादम लिहिला आणि हे एक वाक्य लिहिलं नाही. पाठ होतं मला.

शनिवारी येते. डॉक्टरकडे जाऊ, हार्मोनची गोळी चालेल का विचारू. बरणी फेक म्हणतात सगळे. पण तिच्यावर तुझ्या अक्षरात चिकटवलंय, ‘आमच्या पूर्वीसाठी’.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी नाही लिहीत. तू ठेवशीलच, त्याचीच भीती वाटते.

पूर्वी