डाव्या हाताला जमेल असं मशीन

प्रिय नाग्योंग,

काल फोनवर तू म्हणालीस, बाबा, शुश्रूषागृहात खाट रिकामी झालीय, आईला ठेवायचं की नाही ते सोमवारी कळवायचंय. मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. म्हातारा रुसला असं वाटलं असेल तुला. रुसलो नव्हतो गं. माझ्या कोपरापर्यंत तांदळाचं पीठ लागलं होतं आणि नुकतंच समोर जे घडलं होतं, त्यानं माझी वाचाच बसली होती. म्हणून आज सावकाश लिहितोय.

तुझं म्हणणं खोटं नाही. आईला झटका आल्यापासून तिची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. अंगावर मांस म्हणून उरलं नाही. मी रांधलेलं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उतरत नव्हतं. सगळा जन्म मी थोंगयंगच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला. स्वयंपाकघरात यायचो ते हात धुवायला, आणि त्यावरूनही ही कडाडायची, ते ग्रीसचे हात आधी बाहेर न्या, इंजिनाला तेल पाजता, बायकोला कधी चहा विचारलात का! तेव्हा वाटायचं, एक दिवस तरी हिचं तोंड बंद राहू दे. आता घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि मला ती सहन होत नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतीलच असं सांगता येत नाही.

तूच म्हणाली होतीस, निदान फूड प्रोसेसर तरी घ्या, सगळं मऊ वाटून देता येईल. गेलो बाजारात. दुकानातल्या पोरीनं माझ्यापुढे तीन मशीन मांडली. पहिलं इतकं हलकं की चालू केल्याबरोबर टेबलावर नाचत निघालं. ते मी आवाजावरूनच बाद केलं, असली मोटर वर्षभरात धापा टाकते. दुसरं दणकट होतं, छोटी होडी ओढेल असं. पण त्याचं भांडं एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं झाकण फिरवायचं. मी उजवा हात खिशात घातला आणि नुसत्या डाव्यानं खटपट करू लागलो. भांडं गरागरा फिरतंय, झाकण काही बसत नाही. पोरगी म्हणाली, आजोबा, दुसरा हात दुखतोय का? म्हटलं, दुखत नाही, पण तो हिशेबात धरू नकोस. बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. तिसऱ्याचं झाकण वरून नुसतं दाबलं की खट्‌दिशी बसत होतं, आणि बटण चांगलं मोठं, तळव्यानं दाबता येईल असं. मोटर दुसऱ्यापेक्षा थोडी कमी ताकदीची, पण आवाज गोड. पोरीनं आणखी दोन पाती दाखवली, म्हणाली, यात पावाचं, केकचं पीठही मळता येतं, घरी बेकिंग कोण करतं? माझी बायको, असं मी पटकन बोलून गेलो. तेच घेतलं.

काय सांगू तुला, पहिल्या दिवशी मी त्यापुढे खुळ्यासारखा उभा राहिलो. लसूण, गाजर, कालवं, जे टाकावं ते डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लोण्यासारखं! हीच कामं आईनं जन्मभर सुरीनं आणि खलबत्त्यानं केली, आणि मी आयतं जेवून वर म्हणायचो की मीठ कमी आहे. कालवांची पेज केली. आईनं वाटी संपवली. नंतर किती तरी वेळ ती त्या मशीनकडे बघत होती.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या दाओनचा पहिला वाढदिवस जवळ आलाय. झटका यायच्या आधी आईनं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, नातीचा तांदळाचा पांढरा केक मीच वाफवणार, क्रीमचे केक फोटोपुरते असतात. कोपऱ्यावरची गिरणी बंद पडली, तिथेच ती भिजवलेले तांदूळ दळून आणायची. म्हटलं, मशीन आहे, आपणच दळू. तांदूळ भिजवले, निथळले. पण मशीनमध्ये पाणी शिरू द्यायचं नाही हा माझा जन्माचा धर्म. समुद्राच्या पाण्यानं इंजिनं कशी खाल्ली ते मी पाहिलंय. मी ते तांदूळ टॉवेलनं पुसले, पंख्याखाली पसरले, खडखडीत वाळवले आणि मग दळले. पीठ असं उडालं की माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. मोठ्या ऐटीत परात आईपुढे नेली.

तिनं डावा हात पिठात घातला, मूठ आवळली, उघडली. सगळं पीठ भुरभुर खाली. पुन्हा आवळली, पुन्हा तेच. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ग्रीसचे बूट घालून घरात शिरलो की बघायची ना, अगदी तसंच. ओठ हलले, गळ्याची शीर ताठली, आणि आवाज आला, पाणी.

नाग्योंग, झटक्यानंतरचा तिचा हा पहिला शब्द. मग मी गाढव धावत जाऊन पेला भरून आणला आणि तिच्या ओठाला लावला. तिनं पेला असा ढकलला की अर्धा माझ्या मांडीवर सांडला. उरलेल्यात बोटं बुडवून तिनं पिठावर शिंपडलं आणि पुन्हा म्हणाली, पाणी! अगं, तोच चिडका सूर. तहान पिठाला लागली होती आणि मी बायकोला पाजत होतो. पुन्हा मूठ आवळून तिनं गोळा तळव्यावर उडवून झेलला. फुटला नाही. मी भांडं भरलं, तिनं डाव्या हातानं झाकण दाबलं, बटण दाबलं. मी चाळलं, साखर घातली, वाफेला ठेवलं. महिनोन्‌महिने गाळात रुतलेलं इंजिन कुणी हातही न लावता धडधडायला लागावं, तसं वाटलं मला. असं मी कधी पाहिलं नव्हतं. वाफेच्या आडोशाला उभा राहून मी पोटभर रडलो, आणि तेवढ्यात तुझा फोन आला.

आई बरी झाली असं मी म्हणत नाही. तिला अंघोळ घालताना अजूनही माझी कंबर मोडते, आणि एका शब्दानं संसार चालत नाही हे मलाही कळतं. तू माझ्या काळजीनंच बोलतेस, तेही कळतं. पण हे पत्र ज्या डब्यावर ठेवलंय तो आधी उघड. त्यातला केक आईनं केलाय. एक तुकडा खा आणि मग शुश्रूषागृहाला काय सांगायचं ते ठरव. मला विचारशील तर म्हणेन, ती खाट दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे. दाताखाली कण लागले तर ते माझ्या चाळण्याचे. बाकी सगळं तिचं आहे. वाढदिवसाचा केक ती इथेच वाफवणार, दुपारपासून मशीनशेजारून हलायला तयार नाही. आणि केकचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे आईच्या लेकीला मी काय सांगू? शेजारी त्यात बाळाच्या दीर्घायुष्यासाठी दोरा ठेवतात, तांदूळ ठेवतात. तू डबा घेऊन येशील तेव्हा दाओनला घेऊन ये.

तुझाच,
पिठानं माखलेला बाबा