अण्णांच्या राजदूतला शुद्ध हवा

१५ डिसेंबर, रविवार
सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, राजदूत मोटरसायकल अखेर आमच्या सोसायटीत आली. कळव्याला त्यांच्या बिल्डिंगच्या नव्या कमिटीने जुन्या गाड्या हलवायला लावल्या. अण्णांनी कोर्टातली सगळी नोकरी याच टू-स्ट्रोकवर केली. चावी देताना म्हणाले, जपा. मी म्हटलं, नुसती जपणार नाही, सुधारणार.

बारा जानेवारीला अण्णांचा वाढदिवस. गिफ्ट नको म्हणाले. मागे बसवून कल्याणला देसले काकांकडे न्या, एवढंच. भगवान देसले म्हणजे त्यांचे कोर्टातले जोडीदार. गुडघे गेल्यामुळे घराबाहेर पडत नाहीत. त्यांना गाडीचा आवाज ऐकायचाय.

१७ डिसेंबर
विषय गंभीर आहे. मानपाडा रोडची धूळ, त्यात एमआयडीसीची हवा. माणसं मास्क लावतात, इंजिनने काय करायचं? एअर फिल्टर सुधारणे हाच उपाय. तीन व्हिडिओ पाहिले. दोन इंडोनेशियन भाषेत होते, पण कळलं. मुळात मी टेक्निकल माणूस. बी.कॉम. नाइलाजाने झालं.

२० डिसेंबर
सीटखालचा फिल्टरचा डबा उघडला. आतला फिल्टर काळा ठिक्कर. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, पेट्रोलमध्ये धुवा, वाळवा, थोडं ऑइल लावा आणि परत बसवा. अण्णा प्रेमळ आहेत, पण त्यांच्या काळात धूळच कमी होती.

जुना फिल्टर भंगारवाल्याला देऊन टाकला. नाहीतर मन मागे खेचतं.

२२ डिसेंबर
सोफ्याच्या उशीतला फोम कापला. तीन थर. डब्यात मावेना, चमच्याने दाबला. किक मारून मारून पोटरी धरली. एकदा सुरू झाली, पांढरा धूर सोडून बंद पडली. निष्कर्ष: इंजिनला घाणेरड्या हवेची सवय झालीय. वेळ द्यावा लागेल.

बायकोने, निशिगंधाने विचारलं, ही एकच उशी अशी बसकी का. म्हटलं, त्या कोपऱ्यात सान्वी बसते.

आमच्या लेकीने, सान्वीने ते ऐकलं. जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं.

२५ डिसेंबर, सुट्टी
ब्रेकथ्रू! दोन थर काढले आणि डब्याला ड्रिलने भोकं पाडली. आता गाडी एका किकमध्ये. आवाज तर असा की बी विंगमधले लोक गॅलरीत आले. मी हात केला. दोघांनी उलट हात केला, बाकीच्यांनी खिडक्या लावल्या.

सान्वीने विचारलं, धूळ अडवायला फिल्टर आहे तर मग भोकं कशाला. तिला एअरफ्लो समजावून सांगायला बसलो. तिला अभ्यास होता.

४ जानेवारी
गेटपर्यंत टेस्ट राइड. यशस्वी. लांबची टेस्ट घ्यायचा विचार होता, पण उगाच पेट्रोल कशाला. जरा जळका वास येतो. नवीन वस्तूला वास येतोच.

११ जानेवारी, शनिवार
अण्णा मुक्कामाला आले. आल्या आल्या चहाच्या आधी खाली गेले, गाडी सुरू करायला सांगितली. मान तिरकी करून ऐकत राहिले. मग विचारलं, काही बदललंत का. म्हटलं, थोडं मॉडिफाय केलंय. त्यांनी विचारलं, जुना फिल्टर ठेवलाय ना?

मी हो म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं.

म्हणाले, मग उद्या निघण्याआधी तो लावू या, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, आलो की लावतो, उशीर होईल. ते हो म्हणाले. वर, तुम्ही मेहनत खूप घेतलीत असंही म्हणाले.

उद्या सगळं नीट होईल.

१२ जानेवारी, संध्याकाळ
नीट झालं नाही.

टाटा नाक्यापर्यंत गाडी उडत होती. अण्णा मागून खांद्यावर थोपटून सांगत होते, जरा हळू, इंजिन तापतंय. मला वाटलं, शाबासकी देतायत. पत्रीपुलाच्या अलीकडे आवाज एकदम बारीक झाला, इंजिन जाम, आणि त्याबरोबर मागचं चाकही. सरळ घसरलो. मला कोपराला खरचटलं. अण्णांचं डावं मनगट मोडलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

रस्त्यावर बसून त्यांनी आधी मला विचारलं, लागलं का.

निशिगंधा हॉस्पिटलमध्ये आली ती मला शोधतच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "कुत्रं आडवं आलं गं. विनीतरावांनी वाचवलं त्याला. दुसरा कुणी असता तर अंगावरून नेली असती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

देसले काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले होते म्हणे.

१३ जानेवारी
गाडी टेम्पोने आणली. डबा उघडला. आत फोम नाही. फक्त कडेला तपकिरी चिकट चुरा. बाकीचा कुठे गेला, यावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

दिवसभर तोच विचार.

१५ जानेवारी
शांतपणे आठवून पाहिलं. कडेला काहीतरी हललं होतं. कुत्रा असू शकतो. त्या भागात कुत्रे भरपूर. अण्णा इतकी वर्षं कोर्टात होते, त्यांची साक्ष आहे. उगाच आपण नाही कशाला म्हणायचं?

संध्याकाळी सान्वीने विचारलं, कुत्रा कसला होता. मी म्हटलं, काळा. त्याच वेळी अण्णा म्हणाले, पांढरा. मग तेच म्हणाले, काळा-पांढरा होता.

१६ जानेवारी
अण्णा आमच्याकडेच आहेत. एका हाताने शर्टाची बटणं लागत नाहीत. सकाळी मी लावून दिली. दोघेही बटणांकडे बघत होतो.

१९ जानेवारी, रविवार
निशिगंधाने कुत्र्याचा किस्सा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर सेक्रेटरी प्रशांतने हात जोडल्याचे चार इमोजी टाकून लिहिलं, मुक्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारे आपले विनीत सर. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार.

नाही म्हणायला त्याच्याकडे गेलो. त्याने चहा दिला, शालीचा रंग विचारला. मरून सांगून आलो.

२३ जानेवारी
जिन्यात एक आजी भेटल्या. पाया पडायला वाकल्या. मी वरच्या मजल्यापर्यंत पळत गेलो.

निशिगंधा माझ्याशी फार चांगली वागतेय. काल दुधी केला नाही. म्हणाली, तुला आवडत नाही ना. लग्नानंतर पहिल्यांदाच. जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी
ठरलं. उद्या माइकवर खरं सांगायचं. कुत्रा नव्हता. फोम होता. जुना फिल्टर मी भंगारात दिला. अण्णांना ठेवलाय म्हणून खोटं सांगितलं. चारच वाक्यं. बाथरूममध्ये म्हणून पाहिली. चौथ्याला आवाज जातो. पण जमेल. मुळात मी स्पष्टवक्ता माणूस.

२६ जानेवारी, दुपार
झेंडावंदन झालं. प्रशांतने माझ्यावर बोलताना डोळे पुसले. शाल, श्रीफळ. पुढच्या रांगेत निशिगंधा, सान्वी आणि मध्ये अण्णा, हात गळ्यात बांधलेला.

माइक हातात आला. वाक्यं पाठ होती. समोर पाहिलं. निशिगंधा मोबाइलवर शूट करत होती. सान्वी खाली बघत होती.

मी म्हणालो, "माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं."

केवढ्या टाळ्या. अण्णांना टाळी वाजवता येत नव्हती. ते उजव्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापा मारत होते. सगळ्यांच्या थांबल्यानंतरही थोडा वेळ.

खाली येऊन त्यांच्या शेजारी बसलो. शाल काढायला लागलो. म्हटलं, "अण्णा, तो जुना फिल्टर मी..."

त्यांनी एका हाताने शाल परत माझ्या खांद्यावर नीट ओढली. म्हणाले, "राहू द्या. थंडी आहे."

थंडी नव्हती. ऊन चांगलंच चढलं होतं.