मुकुलला कोण सांगणार?

५ मे, सोमवार
सासूबाईंचं फर्मान — मुकुलच्या नवरीला, जान्हवीला फोन लाव, तारीख विचार! लग्नाची नव्हे, तिची. लग्नानंतर घरी देवीचा गोंधळ आहे, नवी सून बाहेर बसलेली कशी चालेल?

फोन लावला. मीच अडखळले, ती नाही. "आई, नेमकी तेव्हाच येईल. गोळी घेऊ का?" म्हटलं, अजिबात नको. नवरीनं गोळ्या गिळून अंगावर दुखणं का ओढवून घ्यायचं? सासूबाईंना सांगितलं, बराबर बसतंय सगळं. धडधडीत खोटं! देवी बाईच आहे, समजून घेईल.

६ मे
काल फोन झाल्यापासून ती खोली आठवतेय. शहागडजवळच्या सासरच्या गावी, गोठ्याला लागून पत्र्याची. पाळी आली की तिथं बसायचं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, भाकरी वरून टाकायची. आजच्या पोरी ऐकतील तर चिडतील, आणि चिडावंच. पण खरं लिहू? मला तिची आठवण आली की हसू येतं.

थोरल्या जाऊबाई, दैवशालाअक्का, बहुतेक माझ्याबरोबरच असायच्या. चूल नाही, धुणं नाही, सासू नाही! चिंचोके खेळायचो, पोट दुखेस्तोवर हसायचो. आणि अक्का बोलायच्या. पदर तोंडाला न लावता, नवरा-बायकोचं सगळं! "दुखलं त दुखलं म्हणायचं. मुक्यानं पडून राह्यचं न्हाई. आन् एकट्या त्यालाच न्हाई, तुला बी बरं वाटलं पाह्यजे." मी लाजून गोधडीत तोंड खुपसलं. बाईलाही बरं वाटायचं असतं, हे मला त्या गोठ्याशेजारी कळलं. किती मोकळी होते मी तिथं!

फक्त उशिरा कळलं. त्या खोलीत पहिल्यांदा बसले तेव्हा लग्नाला महिना होऊन गेला होता. लग्नाच्या पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड करून रडत होते मी. ह्यांना कधी सांगितलं नाही.

८ मे
आम्ही बायका बाहेर बसत तरी होतो. पोरांना कोण कुठं बसवत होतं? भटजींनी मुहूर्त काढला, सासूबाईंनी पाळी विचारली, पूजेआधी जोडप्यानं एकत्र निजायचं नाही हेही बजावून झालं. पुढचं मुकुलला कोण सांगणार?

ह्यांना म्हटलं, जरा बोला त्याच्याशी. "काय बोलू?" कळल्यावर कानापर्यंत लाल! "मोबाईलवर समदं दिसतंय आजकाल पोराहीला. मला वडीगोद्रीत पत्रिका वाटायच्यात." गाडीला किक मारून पसार.

मोबाईलवर दिसतं त्याचीच तर धास्ती आहे. जान्हवी माझ्यासारखी रडली तर?

१० मे
धीर झाला नाही. दोनदा त्याच्या खोलीत गेले, दोनदा "चहा घेतो का" विचारून परत!

११ मे, रविवार
बोलले!!

सकाळी गच्चीवर कुरडया घालत होतो. सोऱ्या मुकुलच्या हातात. (सासूबाईंची कुरकुर — गडीमाणसाच्या हातात सोऱ्या!) पळून जाता येणार नाही असं पाहूनच सुरुवात केली. "आई, बंद कर ना, प्लीज!" म्हटलं, सोऱ्या दाब आणि ऐक. घाई करायची नाही. तिला विचारायचं. ती नको म्हणाली तर नको. गप्प राहिली तर तेही नकोच समजायचं. मोबाईलमधलं सगळं विसरायचं. आणि तिलाही बरं वाटलं पाहिजे — अक्काचंच बोलणं, माझ्या तोंडून.

चार कुरडया वेड्यावाकड्या पडल्या. मग खाली बघूनच म्हणाला, "मला लई भेव वाटून राह्यलं होतं आई. दोस्ताहीला विचारलं त हसतेत." माझं लेकरू! चिकाच्या हातानंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मागे वळले तर जिन्यात हे उभे. कधीपासून, कोण जाणे. तसेच खाली उतरून गेले.

१२ मे
सकाळपासून हे माझ्यासमोर येईनात. वाटलं, पोरापुढे असलं बोलले म्हणून रागावले. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कुणी सांगितलंच न्हाई गं." मग — "तवा तुला लई तरास झाल्ता का?"

मी हो म्हणाले.