तीन मतं कमी पडली

२४ फेब्रुवारी २००३, अंकारा
इराकवर चाल करायला अमेरिकन फौज आपल्या देशातून जाऊ द्यायची का? शनिवारी संसदेत मतदान. हे खासदार झाल्यापासून घरात फक्त बाता ऐकते. आज यांच्या पक्षातले साबितभाऊजी जेवायला. हाड चोखत म्हणाले, "वहिनी, शांतता वगैरे सोडा! जर्मनांना निवडणूक जिंकायची होती, म्हणून नको म्हणतात. फ्रेंचांचा जीव तिथल्या तेलात."
"आणि आपल्यातले नको म्हणणारे?"
"काहींना इराकी कुर्दांच्या वेगळ्या राज्याची धास्ती. बाकीचे अमेरिकेच्या पैशासाठी अडून बसलेत. भाव पटला की हो!"
हे हसले. बगदादच्या माणसांचं नाव कोणी काढलं नाही.

२६ फेब्रुवारी
हे दाढी करत होते. विचारलं, तुम्ही काय करणार? "पक्ष म्हणेल ते." मग मी एक्क्याण्णव सालचं सांगितलं. सीमेवरच्या छावणीत मी नर्स होते. इराकमधून पळून आलेली ती बाई — मेलेलं मूल खाली ठेवेचना. आजवर कधी बोलले नव्हते.
हे गाल पुसत राहिले.

१ मार्च
ठराव पडला! तीन मतं कमी पडली! बंद दाराआड झालं, कोणाचं मत कुठे ते बाहेर येणार नाही म्हणे. हे घरी आले, चेहरा पांढराफटक. मी गळ्यातच पडले. विचारायचं काय होतं?

९ मार्च, किलिस
यांच्या गावी सत्कार. यांचं मत 'नाही'च, असं गावानेही धरलंय. दोंदूमावशींचा नातू सीमेवर शिपाई आहे. यांचा हात कपाळाला लावून रडल्या — "तुझ्यामुळे वाचला रे माझा पोरगा!" हे मान खाली घालून उभे.
साबितभाऊजींचा फोन — "पॅरिस, बर्लिन आणि आपण, एका फोटोत! खिसे तेवढे वेगवेगळे." मी रिसीव्हर आपटला. या माणसाला पवित्र असं काही नाहीच!

२० मार्च
पहाटे बगदादवर बॉम्ब पडले. आमची वाट मिळाली नाही, तर अमेरिकन दुसऱ्या वाटेने गेले.
टीव्हीसमोर म्हटलं, "निदान यात तुमचा हात नाही."
"मी हो म्हटलं होतं."
मी टीव्ही बंद केला. मग हेच म्हणाले, "साबित शेजारी बसला होता. त्याने नाहीचं बटण दाबलं. मी पाहिलं."
साबितभाऊजींनी का, विचारलं. यांना माहीत नाही.