हिचं पोर्ट्रेट

२ जानेवारी, सकाळी ६
नवीन वर्ष, नवीन माणिकराव. पंचायत समितीत छत्तीस वर्षं आवक-जावक लिहिली, आता फक्त कला. सोनपेठला राजेश्री मॅडमच्या ड्रॉइंग क्लासमध्ये मी एकसष्टचा, बाकी सगळे आठवीतले. संकल्प : पहाटे दोन तास स्केचिंग. आज थंडी लय आहे. उद्यापासून.

९ जानेवारी
महिनाअखेरीला क्लासचं प्रदर्शन. मी पोर्ट्रेट करणार. मॉडेल घरातच आहे, नर्मदा. हिची अट : बघणाऱ्यानं मला वळखलं पायजे, न्हाई तर क्लास बंद, गुमान घरी बसायचं. केली कबूल. क्लास सुटला तर मी मरेन. पण तो प्रश्नच येत नाही. पस्तीस वर्षांचा संसार आहे, डोळे मिटून काढीन.

१५ जानेवारी
ही एका जागी बसतच नाही. बसली तर मेथी निवडत बसती, मान खाली. नाक बारा वेळा खोडलं. कागदाला भोक पडलं, मागून ठिगळ लावलं. मॅडम म्हणाल्या, काका, नाकाची घाई करू नका. त्यांनी माझ्यातलं काहीतरी ओळखलेलं दिसतं.

१९ जानेवारी
प्रेरणा नाही. दोन कप चहा घेतला. तरी नाही. झोपलो.

२४ जानेवारी
चित्र पूर्ण! वय थोडं जास्त वाटतं, पण कलावंतानं पुढचं बघायचं असतं. हिला दाखवलं नाही, सरप्राइज. ही गल्लीभर सांगून आली की माझा फोटू लागायलाय.

२७ जानेवारी
गोपाळ फ्रेमवाल्यानं चित्र बघितलं आणि डोक्यावरची टोपीच काढली. काळी फ्रेम केली, वर चंदनाचा हार. हार मी मागितलाही नव्हता. काय ही कलेची कदर! मॅडम म्हणाल्या, खाली नाव लिहा. नाही लिहिलं. चेहराच बोलतोय, नाव कशाला?

३० जानेवारी, दुपारी ४
प्रदर्शन सुरू. बाकीच्या चित्रांपुढं पोरं दंगा करायलेत, माझ्यापुढं लोक चपला काढायलेत. पोखर्णीच्या एका पाहुण्यानं माझा हात धरला. म्हणाला, धीर धरा, लेकराबाळांकडं बघा. कलावंताला धीर लागतोच. कुणीतरी उदबत्तीही लावली. एवढं यश मला झेपंल का?

संध्याकाळी ६
ही आली. नवी साडी, सोबत गल्लीतल्या चार बाया. सरळ माझ्या चित्रापुढं उभी राहिली. हिनं डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग हळूच मला विचारलं, मायाळू दिसती म्हातारी, कोण व्हती, कधी गेली? मी म्हणालो, मला नाही माहीत.

हिनं सगळ्या भिंतींवर नजर फिरवली. बायांकडं बघून हसली. म्हणाली, अवो, अन् माझं कुठं लावलंय?

म्हणालो, अजून वाळायलंय.