प्रस्तावनेची चार पानं

नांदेड, ४ जुलै २०२३

चि. दीपमाला हिस शेषेकाकाचे पोतंभर आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून टपालानं गाठून राहिलो. पत्र कट करता येत नाही, माय.

तुझ्या बाबांच्या भयकथांचं पुस्तक आपल्याच प्रेसात छापतोय. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. प्रस्तावना तूच लिहावीस, एवढा एकच दादाचा हट्ट. चार पानं कोरी सोडून एक प्रत बांधून दिलीय, ती उशाशी घेऊन तो पडून असतो. मराठीच्या प्राध्यापिकेला भुतं चावत नाहीत. लिही.

लोभ असू दे. राग असला तरी चालेल, पण लिही.

तुझा,
शेषेकाका

लातूर, ११ जुलै

ती. काकांस सा. न. वि. वि.

बाबांना काय हवं-नको ते कळवा, लगेच पाठवते. प्रस्तावना मात्र जमणार नाही. पांढरी साडी, उलटे पाय, याला मी साहित्य कसं म्हणू? शाळेत पोरी मला हडळीची लेक म्हणायच्या. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिच्याबद्दल बाबा कधी एक अक्षर बोलले नाहीत, हडळींवर मात्र वह्याच्या वह्या.

काकूंना नमस्कार. माया पातळ करू नका.

दीपमाला

नांदेड, १५ जुलै

चि. दीपमालास आशीर्वाद.

मी सातवी शिकलेला माणूस, धंदा कानावर उभा केला. प्रुफं दादा मोठ्यानं वाचतो, मी डोळे मिटून ऐकतो. त्याची ‘कडी’ नावाची गोष्ट तू वाचली नाहीस. त्यात मेलेली बाई रोज दिवेलागणीला दारात येते. पाय उलटेच हायत, पण किंचाळत न्हाई. एवढंच विचारते, “पोरगी जेवली का?” नवरा आतून कडी लावतो. दार उघडलं तर पोरगी आईमागं निघून जाईल, हे त्याचं भ्याव.

ही प्रुफं आजवर तीनदा झाली. तिन्ही वेळा ‘पोरगी जेवली का’ या ओळीला दादा अडला. दिवेलागणीला कडी लावून तो तुला भरवायचा, आठवतं? तो आईबद्दल बोलला नाही म्हणतेस. दुसरं काय बोलत होता मग? हे साहित्य नसेल तर वर्गात काय शिकवतेस, ते मला एकदा सांग.

पत्राची वाट बघत नाही. तूच ये.

शेषेकाका

लातूर, २ ऑगस्ट

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं तशी निघाले होते. पोचले तेव्हा बाबांना खाली घेतलं होतं. सुतकाचे दहा दिवस तुमच्याशी नीट बोलले नाही, माफ करा.

उशाची प्रत सोबत आणलीय. कोऱ्या पानांवर त्यांनी पेन्सिलीनं ओळी आखून ठेवल्यात. माझं अक्षर तिरकं जातं, हे त्यांना माहीत होतं. उरलेल्या प्रती तशीच चार पानं कोरी सोडून बांधा आणि इकडे पाठवा. प्रत्येकीत मी हातानं लिहीन.

काल दिवेलागणीला कडी काढली. ताट वाढून घेतलं आणि दाराकडं तोंड करून सगळं जेवले.

तुमच्या मायेतली,
दीपमाला