दोन डब्यांच्या मधात

चौबे कॉलोनी, रायपूर

बाबा, तुमाले अन् आईले जयभीम.

मी मजेत आहो. मेसवाले भैया आता माझ्यासाठी तिखट वेगळं ठेवतात. आईचा गुडघा कसा आहे?

आज क्लासमधी तुमच्या रेल्वे यार्डातलंच गणित आलं. चालता डबा उभ्या डब्याले धडकतो, दोन्ही जुडून पुढं जातात, तर वेग किती? धडकेआधी जेवढा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तेवढाच नंतर. डबे सारखे, म्हणून वेग अर्धा.

मंग मी आपल्या मनानं चालता डबा कोळशानं भरला. तर जुडल्यावरही वेग फारसा कमी होत नाही. मले मोठं नवल वाटलं.

पुस्तकातल्या चित्रात डब्यांच्या मधात कोणीच नव्हतं. बाबा, दोन डब्यांची कपलिंग जोडताना तुम्ही नेमके कुठं उभे राहता?

उत्तराची वाट पाहून राहिली,
तुमची दीपमाला